आर्य कोण? बडोद्याच्या इतिहासातून एक दृष्टिक्षेप

बडोद्याच्या राजवाड्यात १८९६ साली एक प्रश्न ऐरणीवर आला. राजघराण्यातील धर्मकृत्ये वेदमंत्रांनी व्हावयाची की पुराणांतील श्लोकांनी? द्विजांना वेदोक्त आणि इतरांना पुराणोक्त, असा रूढ दंडक होता. आणि कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, म्हणून मराठ्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, असे सनातनी शास्त्र्यांचे म्हणणे होते. सयाजीराव गायकवाडांनी ते मानले नाही. वाड्यात वेदोक्त सुरू झाले. पुढे थोड्याच वर्षांत कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या दारी हाच वाद अधिक उग्र रूपाने पेटला.

वरवर पाहता हा पौरोहित्याचा तंटा होता. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न दडलेला होता : वेद कोणाचे? ज्यांनी ते रचले ते आर्य कोण, आणि आज त्यांचे वारस कोण म्हणवू शकतात?

‘आर्य’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संस्कृत नाटकांतील नायिका पतीला ‘आर्यपुत्र’ म्हणून हाक मारते. मोरोपंतांचे आवडते वृत्त आर्या. या साऱ्या वापरात आर्य म्हणजे थोर, आदरणीय. वंश हा अर्थ त्याला चिकटला तो बराच अलीकडे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. हा भाषांच्या नात्याचा शोध होता. परंतु भाषा एक, म्हणून ती बोलणारांचे रक्तही एक, अशी उडी पुढील शतकात अनेकांनी घेतली. ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर यांनी १८८८ साली स्पष्ट बजावले की, आर्य ही संज्ञा भाषेची आहे, रक्ताची अगर कवटीची नव्हे. तोपर्यंत मात्र शब्द हातचा निसटला होता. त्याचे भयंकर पर्यवसान जर्मनीत काय झाले, हे जगाने पुढे पाहिले.

महाराष्ट्रात या सिद्धांताला दोन अगदी भिन्न वळणे लागली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. आर्य बाहेरून आले हे त्यांनी मान्य केले आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला की, आक्रमकांनी मूळच्या शेतकरी-कष्टकरी प्रजेला जिंकून दास केले. तेव्हा भूमीचे खरे धनी हे शूद्रातिशूद्रच होत. लोकमान्य टिळकांनीही आर्यांचे मूलस्थान भारताबाहेरच मानले. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी नक्षत्रांच्या आधारे वेदांचा काळ मागे नेला, आणि १९०३ च्या ग्रंथात आर्यांचे आदिस्थान उत्तर ध्रुवाजवळ ठेवले. एकाच गृहीतावरून एकाने बंडाचा, तर दुसऱ्याने प्राचीनतेच्या अभिमानाचा आधार शोधला.

योगायोग असा की, या गृहीतालाच आव्हान देणारे दोन विचारवंत बडोदे संस्थानच्या सेवेत राहून गेले. पहिले अरविंद घोष. १८९३ साली ते विलायतेहून थेट बडोद्यास आले. १९०६ पर्यंत संस्थानच्या नोकरीत व बडोदे कॉलेजात त्यांनी काम केले. त्यांचे संस्कृत अध्ययन येथेच झाले. पुढे पाँडेचरीत १९१४ साली त्यांनी ‘आर्य’ नावाचेच मासिक काढले आणि त्यातून वेदांचा नवा अर्थ मांडला. आर्य व दस्यू यांचा संघर्ष हा दोन जमातींचा नसून प्रकाश आणि अंधार यांचा, मनुष्याच्या अंतरंगातील आहे, असे त्यांचे मत होते. उत्तरेकडील आर्य आणि दक्षिणेकडील द्रविड असा वांशिक भेद दक्षिणेत राहून पाहता त्यांना पटेना.

दुसरे डॉ. भीमराव आंबेडकर. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून ते १९१७ साली करारानुसार बडोद्यात नोकरीस आले. या विद्वानाला शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून काढलेले दिवस, तेथून झालेली हकालपट्टी आणि कमाटीबागेत झाडाखाली घालवलेले विषण्ण तास सर्वश्रुत आहेत. १९४६ साली त्यांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात ऋग्वेदातील शब्द एकेक तपासून त्यांनी दाखविले की, आर्यांच्या स्वारीचा आणि वेगळ्या वर्णाच्या वंशाचा पुरावा वेदांत नाही. शूद्र हे जिंकलेले अनार्य नव्हेत. ते आर्यांतीलच क्षत्रिय असून, ब्राह्मणांनी त्यांचे उपनयन नाकारल्यामुळे खाली लोटले गेले, हा त्यांचा सिद्धांत. हा ग्रंथ त्यांनी फुल्यांनाच अर्पण केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गुरूचे गृहीत त्यांनी सोडले, गुरूचा हेतू सोडला नाही.

उपनयन नाकारणे म्हणजे वेदाचा अधिकार नाकारणे. येथे १८९६ चा वेदोक्ताचा प्रश्न आणि १९४६ चा ग्रंथ एकमेकांस भेटतात. कोणाचा पूर्वज कोठून आला यापेक्षा, कोणाला दाराबाहेर ठेवले आणि कोणत्या अधिकाराने, हा मूळ मुद्दा होता.

मध्यंतरी जमिनीनेही साक्ष दिली. १९२४ साली सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर झाला आणि वेदांपलीकडचा एक प्रगत नागर काळ उजेडात आला. त्या नगरांच्या विनाशाचे खापर मॉर्टिमर व्हीलर यांनी इंद्रावर फोडले. परंतु मोहेंजोदडोतील सांगाडे कत्तलीचे नव्हेत, हे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ साली दाखविले. २०१९ साली राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यातील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात प्रमुख होते. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या व्यापक अभ्यासात मात्र तो अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्याचे दिसून आले. पहिल्या निष्कर्षाने एका पक्षाला आनंद झाला, दुसऱ्याने दुसऱ्याला. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ साधा आहे : एका घनघोर स्वारीची कथा टिकत नाही, आणि कोणीच कधी बाहेरून आले नाही ही कथाही टिकत नाही. आजचा बहुतेक भारतीय समाज कमीअधिक प्रमाणात मिश्र आहे.

मग हिंदू म्हणविणाऱ्याने आपली ओळख मूलस्थानावर टांगावी काय? आर्य ध्रुवावरून आले असे मानणारे टिळक आणि आर्य-द्रविड वांशिक भेद न मानणारे अरविंद, दोघांचीही वेदांवरील श्रद्धा अढळ होती. श्रद्धेला वंशावळीचा दाखला लागला नाही. उलट ज्यांनी वंशावळ पुढे केली, त्यांनी ती बहुधा कोणाला तरी दूर ठेवण्यासाठी वापरली.

१९१५ साली बडोदे संस्थानाने पुरोहितांसाठी कायदा केला. पुरोहिताने परीक्षा द्यावी, मंत्रांचा अर्थ जाणावा, यजमानाला तो सांगता यावा, असा त्याचा रोख होता. मंत्र म्हणणाऱ्याचे कुळ न विचारता त्याचे ज्ञान विचारावयाचे, ही दृष्टी त्यामागे होती. संशोधकांचा वाद चालत राहील आणि तो चालावा. नव्या पुराव्याने जुनी मते बदलतील. परंतु ‘आर्य’ या शब्दाचा जो जुना आणि घरोघरी रुजलेला अर्थ, तो कोणत्याही उत्खननावर अवलंबून नाही. आर्यत्व हे आचरणावरून ठरते. ज्या नगरीत राजालाही वेदमंत्रासाठी भांडावे लागले आणि एका विद्वानाला निवाऱ्यासाठी वणवण करावी लागली, त्या नगरीचा इतिहास हाच धडा देतो.