वाद्यामागची माणसं (भाग नववा) : ही फुंकर कोणाची?

‘अलबेला’ हा १९५१ सालचा चित्रपट विदर्भाने आपला म्हणावा असा आहे. तो काढणारे आणि त्यात नाचणारे भगवानदादा पालव जन्मले अमरावतीत. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्माने पुणतांब्याचे. पण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणं शिकले होते. तिसरा माणूस मात्र लांबचा. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत त्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. ‘अलबेला’तल्या गाण्यांना जो ट्रम्पेटचा झणका आहे तो त्यांचा. एका गाण्यात ते आपल्या वाद्यवृंदासह झालरींचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतात.

पहिले दोघे आपल्याला ठाऊक आहेत. तिसऱ्याचं नाव यवतमाळात किती जणांनी ऐकलं असेल? आणि तरी दत्त चौकातून वरात निघते, बँडमधला पुढचा वादक ट्रम्पेट वर उचलतो आणि जुन्या गाण्याच्या मधला तुकडा वाजवतो, तेव्हा तो अशाच कोणातरी गोवेकराने स्टुडिओत उभं राहून वाजवलेला तुकडा असतो. गायकाचे शब्द बँडला वाजवता येत नाहीत. वाद्यांचे तुकडे मात्र जसेच्या तसे वाजवता येतात. म्हणून मला वाटतं, या अनाम वादकांची खरी आठवण दिग्रस-पुसदच्या बँडवाल्यांनीच सुरांत सांभाळली आहे.

गेल्या आठवड्यात आपण व्हायोलिन पाहिलं. आज पितळेची वाद्यं, आणि त्यातही ट्रम्पेट वाजवून पोट भरणाऱ्यांचा व्यवसाय समजून घेऊ.

ट्रम्पेट म्हणजे जवळजवळ दीड मीटर लांबीची नळी, हातात मावेल अशी वळवलेली. तिला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, फक्त तीन पिस्टन. पिस्टन दाबला की हवेची वाट लांबते आणि सूर उतरतो. बाकी सगळं काम ओठांचं. एकाच पिस्टनवर ओठ आवळले की वरचा सूर, सैल सोडले की खालचा. चार-सहा तास वाजवल्यावर ओठ सुजतात आणि वरचे सूर लागेनासे होतात. व्हायोलिनवाला दमला तरी वेळ मारून नेऊ शकतो. ट्रम्पेटवाल्याचा फसलेला सूर मात्र सगळ्या स्टुडिओला ऐकू जातो.

आणखी एक अडचण आहे, ती भजनात पेटी वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. नेहमीच्या ट्रम्पेटवर कागदावरचा ‘सी’ वाजवला की प्रत्यक्षात सूर निघतो तो पेटीच्या काळी पाचचा. म्हणजे गाणं पांढरी एकमध्ये असेल तर ट्रम्पेटवाल्याने सगळं एक पूर्ण सूर वर धरून वाजवायचं. गाणं काळी एकमध्ये गेलं तर त्याने काळी दोन धरायची. गायिका आयत्या वेळी म्हणाली, ‘पट्टी जरा उतरवा,’ तर पेटीवाला बोटं सरकवतो. ट्रम्पेटवाल्याला समोरचा कागद वाचता वाचता डोक्यात नवा हिशोब मांडावा लागतो. आणि हे सगळं चालू ध्वनिमुद्रणात.

ही तयारी गोव्यात झाली होती. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, कारण रविवारच्या प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे हवे असत. गावातला शेतकऱ्याचा मुलगाही पाच रेघांवरचे ठिपके पाहून न ऐकलेली चाल वाजवू शके. गोव्यात या विद्येला पैसा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र संस्थानिकांचे बँड होते, जहाजं होती, मूकपटांची थिएटरं होती, मोठी हॉटेलं होती. म्हणून तरुण मुंबईला येत, धोबीतलावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्यांत राहत आणि काम शोधत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, त्यानंतर ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाले टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून गोवेकर मुलं जाझ शिकली. चर्चची शिस्त अंगात होतीच, त्यात आता कागदाबाहेर जाऊन वाजवण्याची मोकळीक मिळाली.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गिऱ्हाईक गेलं, मुंबईत दारूबंदी आली, नाचाच्या हॉलची रया गेली. त्याच वेळी चित्रपट संगीताला मोठे वाद्यवृंद हवे होते. दिवसा स्टुडिओत शिफ्ट आणि रात्री हॉटेलात बँड असा या माणसांचा दिनक्रम बसला.

स्टुडिओतल्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. ट्रम्पेटचा आवाज इतरांना खाऊन टाकतो, म्हणून त्याला मायक्रोफोनपासून लांब उभं करत. शेवटच्या कडव्यात कोणी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पैसे शिफ्टचे. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी वादकाला त्यातलं काही मिळत नसे, आणि तबकडीच्या लेबलवर नाव नसे.

पण नुसतं वाजवण्यावर हे थांबत नव्हतं. बहुतेक संगीतकार चाल पेटीवर बांधत, गाऊन दाखवत. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना येत नसे. मग ती चाल कागदावर उतरवणं, प्रत्येक वाद्याला वेगळा भाग लिहून देणं, दोन कडव्यांच्या मधली जागा भरणं हे काम अरेंजरचं. नामावळीत फार तर ‘असिस्टंट’ म्हणून उल्लेख. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे हेच करत. १९५० च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे द्वंद्वगीत नाचाच्या हॉलमध्ये लोकप्रिय असलेल्या लॅटिन अमेरिकी चालीवर बेतलेलं होतं, आणि त्या हॉलमधला माणूसच रामचंद्रांच्या शेजारी बसलेला होता. माझं स्पष्ट मत आहे की अशा गाण्यांत ‘असिस्टंट’ हा निम्मा रचनाकार असतो. चितळकरांच्या प्रतिभेला यात काही उणेपणा नाही. योग्य माणूस शेजारी बसवण्याची जाण हीसुद्धा प्रतिभाच. पण श्रेय मोजताना दुसरं नाव गाळलं जातं, ते मला खटकतं.

लंडनमध्येही अशीच वाटणी होती. १९६७ च्या जानेवारीत बीटल्सच्या ‘पेनी लेन’साठी डेव्हिड मेसन या वादकाला बोलावलं. पॉल मॅकार्टनींना स्वरलिपी येत नव्हती. त्यांनी चाल गाऊन दाखवली, निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ती लिहून घेतली आणि मेसननी लहान पिकोलो ट्रम्पेटवर वाजवली. मानधन सत्तावीस पौंडांच्या आसपास. फरक इतकाच की तिकडे पुढे मेसन यांचं नाव प्रत्येक पुस्तकात छापलं गेलं.

चिक चॉकलेटना स्वतंत्र संगीतकार म्हणून १९५१ चा ‘नादान’ मिळाला, नंतर आणखी थोडे चित्रपट. १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांच्या संगीतात तरुण भूपिंदर सिंग हॉटेलात गाताना दिसतात, त्या गाण्यात चिकचा ट्रम्पेट पुन्हा ऐकू येतो. पुढच्याच वर्षी ते गेले, वयाच्या पन्नाशीत.

फ्रँक फर्नांड यांची वाट वेगळी निघाली. जन्म १९१९, गाव कुडचडे. तेही ट्रम्पेटवाले, ताजच्या जाझमध्ये घडलेले, नंतर अनिल विश्वास, रोशन, हेमंतकुमार अशा संगीतकारांचे सहायक. दुसऱ्याच्या गाण्यांना सजवून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या भाषेकडे मोर्चा वळवला आणि १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९६६ मध्ये ‘निर्मोण’. त्याच कथेवर राजश्री या निर्मितीसंस्थेने दुसऱ्या वर्षी ‘तकदीर’ हा हिंदी चित्रपट केला. दोन्ही कोंकणी चित्रपट ए. सलाम यांनी दिग्दर्शित केले, आणि त्यांची गाणी आजही गोव्यात घराघरांत म्हटली जातात. स्टुडिओतला भाडोत्री वादक निर्माता झाला आणि एका भाषेच्या चित्रपटाला त्याने उभं केलं, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तिसरे ख्रिस पेरी, मडगावच्या बोर्ड्याचे, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्हींत पारंगत. लॉर्ना कोर्देरो ही मुंबईची कोवळी मुलगी त्यांच्या बँडमध्ये गाऊ लागली आणि त्या दोघांच्या कोंकणी तबकड्यांनी जाझला थेट घरच्या बोलीत आणून बसवलं. चाल, वाद्यरचना, गायिकेची तालीम, सगळं पेरींच्या हातात. १९७७ मध्ये त्यांनी ‘भुंयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपटही काढला. स्वभावाने कडक, आणि लॉर्नांशी असलेलं नातं दोघांनाही महागात पडलं. त्या वीसएक वर्षं गाण्यापासून दूर राहिल्या, १९९५ मध्ये परतल्या. पेरी २००२ मध्ये गेले. बार्ड्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट या दोघांच्या गाण्यांवर उभा आहे.

ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आले. सहा ट्रम्पेटवाल्यांऐवजी एक माणूस बटण दाबून तसा आवाज काढू लागला. मग एकेकाला बोलावून वेगळ्या ट्रॅकवर वाजवून घ्यायची पद्धत आली आणि साठ माणसांचा वाद्यवृंद इतिहासजमा झाला. जुन्या पिढीतले ट्रम्पेटवाले पीटर मॉन्सरेट यांचे मुलगे जो आणि ब्लास्को, तसेच राहुलदेव बर्मन यांच्याकडे वाजवलेले किशोर सोढा यांनी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन पुढेही हाती धरले.

गावोगावच्या बँडची वाद्यं अजून बहुतांश मेरठच्या जली कोठीतून येतात. तिथल्या नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ ची. आपल्याकडचे वादक बहुधा ऐकून शिकलेले असतात, स्वरलिपीची पाटी त्यांच्यासमोर कधी आलेली नसते. एका अर्थी त्यांचं काम गोवेकरांपेक्षा अवघड, कारण मूळ गाण्यात साठ वाद्यांनी विणलेलं कापड यांना बारा-पंधरा माणसांत उसवून पुन्हा विणायचं असतं. त्यातही डीजेच्या भिंतींनी त्यांची कामं कमी केली आहेत. वणी, उमरखेड, आर्णी, दारव्हा इथल्या वाचकांनी ओळखीच्या बँडमास्तरांना एकदा विचारावं की ‘अलबेला’तले मधले तुकडे ते कोणाकडून शिकले, आणि मिळालेली उत्तरं, वादकांच्या नावांसह, लिहून ठेवावीत. ती कुठल्याही पुस्तकात नाहीत.

पुढच्या भागात सॅक्सोफोन. १९५८ मध्ये कलकत्त्याहून मुंबईला आलेले मनोहारी सिंग, आणि त्यांच्या फुंकीभोवती उभं राहिलेलं बर्मन पिता-पुत्रांचं संगीत.