ड्रोनची मयसभा

महाभारताच्या सभापर्वांत दुर्योधनाची जी फजिती वर्णिली आहे, ती आपल्या घरांतील लहानथोरांस ठाऊक आहेच. मयासुरानें बांधलेल्या सभेंत स्फटिकाची भूमि त्याला पाणी वाटली म्हणून त्यानें वस्त्रें सांवरलीं, आणि पुढें खरोखरच्या पाण्याला जमीन समजून पाऊल टाकलें तों सचैल भिजला. गेल्या माघांत कृष्णाकांठीं मीं हाच प्रकार डोळ्यांनीं पाहिला. या खेपेस मात्र फसलें तें पाव किलोहूनही हलकें असें एक उडतें यंत्र होतें.

वाईस आमच्या आप्तांकडे मुंज होती. दुसरे दिवशीं सारें बिऱ्हाड मेणवलीचा घाट पाहावयास निघालें. नाना फडणिसांचा वाडा, तो अर्धचंद्राकृति घाट आणि वसईच्या मोहिमेंतून आलेली ती पंचधातूची घंटा हीं पाहण्यासारखीं आहेतच. परंतु मंडळींचें लक्ष होतें माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलानें बरोबर आणलेल्या ड्रोनकडे. घाटावर बसलेल्या बायकामुलांचें चित्र नदीच्या बाजूनें, अगदीं पाण्याला लागून घ्यावें, असा त्याचा बेत. घाटाच्या वरच्या पायरीवरून त्यानें यंत्र सोडलें आणि हळूहळू खालीं आणलें.

“काका, गंमत पाहा,” तो म्हणाला, “पडद्यावर उंची उणे दोन मीटर दाखवते आहे!”

मला त्या वेळीं हंसूं आलें. तें हंसण्यासारखें नव्हतें, हें पुढें कळलें. वारा असा नव्हताच, तरी यंत्र प्रवाहाच्या दिशेनें सरकूं लागलें. त्यानें तें मागें ओढूं पाहिलें, तों तें थोडें खचलें, पाण्याला शिवलें आणि क्षणांत दिसेनासें झालें. याहून वाईट गोष्ट पुढेंच घडावयाची होती. मुलानें कपडे वर खोंचले आणि शेवाळलेल्या पायरीवर पाऊल टाकलें. मीं त्याचा दंड धरला. “सोडा काका, इथेंच तर पडलंय!” असें तो म्हणत होता. वर धोमचें धरण. तेथून पाणी सुटलें म्हणजे कांठावरच्या माणसाला बेत करावयास फारसा अवधि मिळत नाहीं. शिवाय ती जागा किती खोल, हें आम्हांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याची आई वरच्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

घरीं आल्यावर मीं यंत्राबरोबरची पुस्तिका आणि आणखी कांहीं माहिती मिळवून वाचली. शिक्षकाची खोड जात नाहीं, असें घरांत म्हणतात. असो.

आपण कोठें आहों हें असें यंत्र तीन मार्गांनीं जाणतें. पहिला मार्ग आकाशांतील उपग्रहांचा. मोकळ्या मैदानांत तो चांगला चालतो. पण घाटाची उंच भिंत आणि झाडें यांनीं अर्धें आकाश झांकलें म्हणजे दिसणारे उपग्रह कमी होतात. त्यांतून उंचीच्या बाबतींत तर हें माप कित्येक मीटरांनीं चुकूं शकतें.

दुसरा मार्ग वायुभारमापकाचा. जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, समुद्रसपाटीजवळ सुमारें 11 मीटर वर चढलें म्हणजे पारा 1 मिलिमीटर उतरतो. म्हणजे एका मीटरचा भेद कळण्यास पाऱ्याच्या मिलिमीटरचा दहावा हिस्सा ओळखावा लागतो. एखादी वाऱ्याची झुळूकही एवढा फरक पाडूं शकते. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, पडद्यावर दिसणारी उंची जेथून उड्डाण केलें त्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या पृष्ठभागापासून नव्हे. आमचें यंत्र वरच्या पायरीवरून निघालें, म्हणून त्याचें शून्य त्या पायरीशीं होतें. ‘उणे दोन’ या आंकड्यावरून पाणी किती जवळ आलें, हें मुळींच कळत नव्हतें.

राहिला तिसरा मार्ग, आणि मयसभा येथेंच आहे. यंत्राच्या पोटाखालीं एक लहान कॅमेरा आणि बहुधा अवरक्त किरण सोडणारें एक साधन असतें. जमिनीवरील दगड, गवत, फरशीच्या सांधी यांचीं चित्रें भराभर ताडून कॅमेरा ठरवितो, कीं आपण स्थिर आहों कीं सरकलों. आगगाडींत बसलों असतां शेजारची गाडी हालली, कीं आपलीच गाडी उलट दिशेनें चालूं लागली असें वाटतें. त्यांतलाच हा प्रकार. लाटा खालच्या अंगाला जातात, यंत्राला वाटतें आपणच वरच्या अंगाला चाललों, आणि चूक सुधारण्यासाठीं तें प्रवाहाबरोबर जाऊं लागतें. संथ पाण्यांत तर ताडून पाहण्यासारखी खूणच नसते. अवरक्त किरणांचेंही तसेंच. कांहीं पाण्यांत शिरून नाहींसे होतात, कांहीं आरशावरून जावे तसे भलतीकडे जातात, आणि यंत्राला उंची चुकीची कळते. त्यांत आणखी, पंख्यांचा खालीं जाणारा झोत पाण्याचे तुषार उडवितो, आणि ते यंत्राच्या अंगावर येतात.

म्हणून माझें मत असें बनलें आहे कीं नवशिक्यानें पाण्यापासून निदान दोन पुरुष उंची सोडूं नये. आणि ही उंची पडद्यावर नव्हे, डोळ्यांनीं मोजावी. तिला एक सोपी युक्ति आहे. पाणी संथ असेल तर बाजूला उभें राहून यंत्र आणि त्याचें प्रतिबिंब यांमधील अंतर पाहावें. त्याचा निम्मा भाग ही खरी उंची. प्रतिबिंब मोडूं लागलें, म्हणजे तरंग उठले. तेव्हां यंत्र वर घ्यावें. उडविणाराची नजर बहुधा पडद्यांत गुंतलेली असते, सबब हें काम दुसऱ्या माणसाकडे द्यावें. नदीवरून आडव्या गेलेल्या तारा आणि दोर चित्रांत दिसत नाहींत. ते आधीं कांठावरून पाहून घ्यावेत. घारी यंत्रावर झेप घेतात, हेंही ध्यानांत असावें.

होडींतून उडविणारांस आणखी एक संकट आहे. संदेश तुटला किंवा बॅटरी उतरली कीं यंत्र आपोआप मूळ जागीं परततें. होडी मात्र तोंवर पुढें गेलेली असते. तें इमानानें परत येतें आणि इमानानेंच पाण्यांत उतरतें. ही परतीची जागा पुन्हां पुन्हां नवी नोंदवावी लागते. कांहीं यंत्रें मूळ जागेच्या अगदीं जवळ असतां परतीची आज्ञा मिळाली, तर वर न चढतां आहेत तेथेंच उतरतात. जातांना वारा पाठीशीं असला तर येतांना तो तोंडावर येणार. तेव्हां बॅटरी निम्मी होण्यापूर्वींच यंत्र वळवावें.

कायद्याचेंही थोडें सांगितलें पाहिजे. ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 रोजीं प्रसिद्ध झाले. 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास वैमानिकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. परंतु तांबड्या विभागांत परवानगीवांचून जाण्याची मोकळीक त्यालाही नाहीं. तेव्हां सरकारी नकाशा आधीं पाहावा.

आमचें यंत्र दोन दिवसांनीं एका भोयानें काढून आणून दिलें. वहिनींनीं ऐकीव माहितीवरून तें बॅटरीसकट तांदुळाच्या डब्यांत पुरलें. हें कोणीं करूं नये. भिजलेली लिथियमची बॅटरी पुढें केव्हांही पेट घेऊं शकते. ती वाळली तरी पुन्हां भरण्यास लावूं नये, आणि घरांत तर ठेवूंच नये. खारें पाणी असेल तर धोका अधिक. आमची बॅटरी सकाळीं फुगलेली आढळली. मीं ती चिमट्यानें उचलून अंगणांत वाळूच्या बादलींत ठेवली, आणि मग टाकाऊ विजेचें सामान घेणाराकडे पोंचविली. तांदूळही टाकले, दोन पायली होते, आणि वहिनी त्याबद्दल अजून हळहळतात.

पुतण्यानें दिवाळींत नवें यंत्र घेतलें. पाण्यापाशीं तें उडवावयाचें झाल्यास प्रतिबिंबावर नजर ठेवण्याच्या कामीं माझी नेमणूक झाली आहे. यंत्र पडलें तर कोणीं पाण्यांत उतरावयाचें नाहीं, ही अट मात्र त्याच्या आईनें घातली आणि त्यानें ती सर्वांसमक्ष कबूल केली.