तळघरातली पोथी आणि बुरशी



श्रावण जवळ आला की घरोघरी पोथ्या बाहेर निघतात. गेल्या वर्षी मीही तळघरातली पेटी उघडली. आजोबांच्या हस्तलिखित पोथीला कुबट वास येत होता. पानांच्या कडांवर करडी भुकटी आणि तपकिरी ठिपके होते. उभा जन्म जंतुसंसर्गावर औषधे लिहून दिली, पण घरातला हा रुग्ण मला दिसला नव्हता.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. कोरड्या कागदावर ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच टिकली की रुजतात. बुरशीला तोंड नसते. ती पाचकरस बाहेर सोडते, कागदातले सेल्युलोज, खळ, सरस विरघळवते आणि शोषून घेते. पान भुसभुशीत होते, डाग कायमचे राहतात.

आपल्या अजिंठ्याची चित्रेही अशीच नाजूक आहेत. ती थेट दगडावर नाहीत. माती, भाताचा तूस आणि गवताचे तंतू घातलेल्या गिलाव्यावर आहेत. म्हणजे भिंतीतच सूक्ष्मजीवांचे आणि किडीचे अन्न! त्यात झिरपणारे पाणी, वटवाघळांची घाण आणि प्रेक्षकांच्या श्वासातली वाफ. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांवर लाखेचे व्हार्निश लावून घेतले. हेतू चांगला होता, पण पुढे ते पिवळे पडले. फ्रान्समधली लास्को गुहा 1940 मध्ये सापडली. गर्दीमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ धरले आणि 1963 मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली.

तात्पर्य, जंतू पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत. ओल आवरता येते. नेपरव्हिलच्या उन्हाळ्यात तळघरे दमट होतात. म्हणून एवढे करावे:

• पोथ्या, जुनी पत्रे, फोटो वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा.
• आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. काटा 50 टक्क्यांच्या आसपास राहू द्या.
• बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात घालू नका. पोथी वेगळी काढून हवेशीर खोलीत वाळू द्या.
• तळघरात पाणी शिरून कागद भिजले, तर दोन दिवसांच्या आत फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, तज्ज्ञांना विचारायला वेळ मिळतो.
• हाताळताना एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. दमा असणाऱ्यांनी किंवा केमोथेरपी चालू असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.
• थुंकी लावून पान उलटू नका. कीड लागू नये म्हणून पूर्वी पोथ्यांना पिवळी हरताळ लावत; तिच्यात आर्सेनिक असते.

एक विनंती. आपल्यातल्या अनेक ज्येष्ठांना आता तळघराचा जिना उतरवत नाही. त्यांच्या पेट्या वर आणून देण्यासाठी आणि पोथ्यांच्या पानांचे फोटो काढण्यासाठी तरुण हात हवे आहेत. महिन्यातला एक शनिवार देऊ शकत असाल, तर मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवा. ज्यांना मदत हवी, त्यांनीही संकोच न करता कळवावे.

माझ्या पोथीची चार पाने गेली. उरलेली वाचता येतात. या श्रावणात तीच वाचणार आहे.