व्यसनमुक्तीची वाट – लेखांक ५ : गट शोधायचा कुठे?

मागील लेखांकात दारू बंद केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातील शारीरिक त्रासाचा विचार झाला. त्यानंतरचा काळ बाहेरून शांत दिसत असला तरी पुन्हा पिण्याचा धोका त्यातच अधिक असतो, कारण औषधांनी अंगाचा थरकाप थांबतो, पण संध्याकाळी सातचे काय करायचे हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचे एक उत्तर म्हणजे स्वमदत गट, अर्थात ज्यात उपचार करणारा आणि करून घेणारा असा भेद नसून सारेच पूर्वाश्रमीचे पिणारे असतात, असा समूह.

अशा गटांपैकी जुना आणि सर्वदूर पसरलेला गट अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे बोलीत नुसते ‘एए’. अमेरिकेतील ॲक्रन शहरात 1935 साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून तो उभा राहिला, आणि 1957 पासून मुंबईमार्गे भारतात रुजला. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत, सभेत फिरणाऱ्या पिशवीत ज्याने त्याने जमेल ते टाकायचे. सभेत बोलणारा केवळ पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे म्हणतो आणि स्वतःची हकिगत सांगतो. मध्येच कोणी अडवत नाही, उपदेश करत नाही, उलटतपासणी घेत नाही. ‘फक्त आजच्या दिवसापुरते’ हे तेथील सूत्र आहे, कारण जन्मभराच्या शपथेने दबून जाणारा माणूस चोवीस तासांचा हिशेब पेलू शकतो. हे सारे भाबडे वाटणे शक्य आहे. परंतु 2020 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेने 27 अभ्यास एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला की, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे नेणारे उपचार अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा बहुधा सरस ठरतात.

रत्नागिरी जिल्ह्यात मात्र अडचण वेगळी आहे. निनावीपणाचा हा नियम जेथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही अशा महानगरात सहज पाळला जातो. वाडीत माणूस कोणाच्या पायरीशी चप्पल काढतो हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेले असते. त्यामुळे घराजवळचा गट सर्वांत सोयीचा, हे शहरी गृहीतक येथे नेहमी खरे ठरत नाही. लांज्याच्या माणसाला रत्नागिरीतील किंवा खेडच्या माणसाला चिपळुणातील सभा अधिक मोकळी वाटू शकते, मात्र तेव्हा सभा संपण्याची वेळ आणि परतीची शेवटची एसटी यांचा मेळ आधीच घालावा लागतो. जेथे तो बसत नाही तेथे ऑनलाइन सभा हा आधार आहे. आठवड्यातून एक प्रत्यक्ष आणि उरलेल्या फोनवर, अशी विभागणी करण्यास कोणाचीच हरकत नसते.

चौकशीची सुरुवात कोठून करावी? जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि रत्नागिरी शहरातील प्रादेशिक मनोरुग्णालय ही दोन ठिकाणे प्रथम. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाण्याची लाज अनेक कुटुंबांना वाटते. परंतु महाराष्ट्रात ज्याचे नाव आदराने घेतले जाते ते पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले. तेथे मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने ते उभारले. उपचार संपल्यावर रुग्णाला वाऱ्यावर न सोडता त्याच्या नियमित पाठपुराव्याची, म्हणजे घरी गेल्यानंतरही त्याची खबर घेत राहण्याची, पद्धत अशा केंद्रांनी रूढ केली. याखेरीज व्यसनमुक्तीसाठीच्या 14446 या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावरही नाव उघड न होता विचारणा करता येते. सभांच्या जागा आणि वेळा बदलत असल्याने जुन्या पत्रकावर विसंबून निघण्यापेक्षा आधी फोन करणे बरे.

दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने गटाच्या भरवशावर एकाएकी दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढे भ्रमाची जीवघेणी अवस्थाही उद्भवते, आणि ती हाताळणे हे डॉक्टरांचे काम आहे. दुसरे, पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पुड्यांच्या जाहिरातींपासून दूर राहावे. त्यात काय आहे हे घरच्यांना माहीत नसते; आणि डायसल्फिरामसारखे औषध न सांगता दिले व त्यावर दारू पोटात गेली, तर जिवावर बेतू शकते.

पहिल्या सभेत बोलण्याची सक्ती नसते, मागच्या खुर्चीवर बसून ऐकले तरी चालते. एका सभेत मन रमले नाही म्हणून गटच निरुपयोगी ठरवणे घाईचे आहे. चार-पाच सभांनंतर, आणि शक्य तर दुसरा गट पाहिल्यानंतर, मत बनवावे. पैसे मागणारा, डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगणारा किंवा सभेतील गोष्टी गावभर करणारा गट मात्र तत्काळ सोडावा.

मुंबईत नियमित सभा गाठणाऱ्या चाकरमान्याची खरी कसोटी गणपतीत आणि शिमग्यात लागते. तेथील सोबती सुटतात, जुने मित्र भेटतात, आणि रात्री भजन आटोपल्यावर पडवीमागे काय निघणार हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून गाडीचे आरक्षण करतानाच गावाजवळच्या सभेची चौकशी करावी आणि रोज रात्री फोन करायचा सोबती ठरवून ठेवावा. त्याच घरातील पत्नी किंवा आईसाठी अल-अनॉन हा स्वतंत्र गट आहे. 1951 पासून चालत आलेल्या या गटात पिणाऱ्याला कसे सुधारावे हे शिकवत नाहीत, तर त्याच्या पिण्याभोवती फिरणारे स्वतःचे आयुष्य कसे सावरावे याचा विचार होतो. आणि घरातील पिणारा अजून थांबलेला नसला, तरीही तेथे जाता येते.