चादर दिली, पण ठेवायची कुठे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून वीस चादरी घेतल्या. एका रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही काही शिक्षक आणि पालक स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर गेलो. चादरी वाटल्या, फोटो काढले आणि समाधानाने घरी परतलो. आठ दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना पाहिले, तर निम्म्या लोकांच्या अंगावर चादर नव्हती. आमच्यातला एक जण म्हणाला, "विकून खाल्ल्या असतील." खरे सांगायचे तर आम्हां सर्वांच्याच मनात तेच आले होते.

तिथे बसलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही विचारले, "खाला, तुमची चादर कुठे गेली?"

त्या म्हणाल्या, "बेटा, दिवसा ठेवू कुठे? गाठोडे घेऊन गेले तर कामावर उभे करत नाहीत. कट्ट्यामागे लपवली होती, सकाळच्या झाडलोटीत गेली."

खाला एका मंगल कार्यालयात भांडी घासतात. आम्ही मान खाली घातली. इतकी वर्षे मुलांना शिकवतो, पण ज्याला दार नाही त्याला वस्तू ठेवायलाही जागा नाही, ही साधी गोष्ट आम्हांला सुचली नव्हती.

वाचक बंधू-भगिनींनो, बेघर म्हणजे भिकारी, आळशी किंवा व्यसनी, असे आपण सहज धरून चालतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी फूटपाथ, पुलांखालच्या जागा आणि फलाट फिरून बेघरांची नोंद केली. देशात १७ लाखांहून अधिक आणि एकट्या महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक लोक उघड्यावर आढळले. यांत ओझी वाहणारे आहेत, कचरा वेचणारे आहेत, दुष्काळात गाव सोडून आलेले आहेत, घरातून काढलेल्या विधवा आणि म्हातारे आईबाप आहेत. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाजवळच्या फूटपाथवर तर गावाकडे स्वतःचे घर असलेली माणसेही झोपतात. घरात कॅन्सर शिरला आणि शहरात भाड्याची खोली परवडेना, एवढाच त्यांचा दोष.

काहींचे मन आजारी असते. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. ते त्याला उपचारासाठी घेऊन गेले. तो बरा झाल्यावर कळले की तो शिकलासवरलेला, चांगल्या घरातला मुलगा आहे. त्यातून पुढे त्यांची श्रद्धा ही संस्था उभी राहिली. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम ती कर्जत येथे करते. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला आपण वेडा म्हणून वळसा घालून जातो, त्याचीही कुणी आई वाट पाहत असते.

आपल्या इतिहासातही बेघरांची एक जागा आहे. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात छपराखालचा सुफ्फा होता. मदीनेत ज्यांना घर नव्हते, नातलग नव्हते, ते सहाबा तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. सहीह बुखारीत प्रसंग आहे. दुधाचा एक पेला आला, तेव्हा अल्लाहच्या रसूलांनी (स.) सुफ्फावाल्यांना बोलावून घेतले, सर्वांना पोटभर पाजले आणि स्वतः सर्वांत शेवटी प्याले. या लोकांना इस्लामचे पाहुणे म्हटले जाई. पाहुण्याला आपण बसवतो, नावगाव विचारतो, काय हवे ते विचारतो आणि मग वाढतो. फूटपाथवरच्या माणसाला मात्र न विचारता देतो आणि वर त्याचा फोटो काढतो.

मग करायचे काय? आधी सलाम-नमस्कार करावा, नाव विचारावे. गरज त्यांच्याच तोंडून ऐकावी. अनेकांना अन्नापेक्षा आंघोळीची, संडासाची आणि निर्धास्त झोपेची अधिक निकड असते. स्त्रियांना तर रात्रीची भीतीच मोठी. २०१३ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेत शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचे एक निवारा केंद्र असावे, अशी तरतूद होती. आपल्या शहरात ते कुठे आहे, चालू आहे का, हे नगरपालिकेत जाऊन विचारावे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुणाचे आधार कार्ड अडले असेल, तर नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देऊ शकतात. ते मिळवायला सोबत जाणे हीही मदतच आहे. एकटे मूल दिसले तर १०९८ वर फोन करावा.

यंदा मुलांनी आधी विचारले. खालांनी चादर मागितली नाही. समोरच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर दिवसभर गाठोडे ठेवता येईल का, एवढेच त्या म्हणाल्या. मुले दुकानदाराकडे गेली आणि त्याने लगेच होकार दिला. या मदतीला एक पैसाही लागला नाही.