बंद झालेली वाट

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कित्येक कोळी कुटुंबांची मुले हिरावून नेली. ज्या मातांची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्या गर्भनलिका पुन्हा जोडून देण्याची सोय तेथील सरकारने केली. आपल्या अर्नाळ्यात, नायगावात एखाद्या घरावर अशी वेळ आली, तर?

या शस्त्रक्रियेत गर्भाशय काढीत नाहीत; बीजांडकोशही शाबूत असतात. बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ नलिकेत पडते, ती वाट तेवढी बंद होते.

तेव्हा मार्ग दोन. पहिला, नलिका पुन्हा जोडणे. नलिका किती शिल्लक आहे आणि बाईचे वय काय, यावर यश अवलंबून. छल्ला किंवा क्लिप लावलेली नलिका जोडायला बरी, डागलेली कठीण. दुसरा मार्ग, बीजाचे फलन प्रयोगशाळेत करून गर्भ थेट गर्भाशयात सोडणे. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात असे मूल जन्मले. खर्च मात्र मोठा; आणि २०२१ च्या कायद्याने स्त्रीला वयाची मर्यादा ५० वर्षांची.

काहीही करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी करावी. सारा भार बाईवर कशाला? नलिका जोडल्यावर गर्भ नलिकेतच अडकण्याचा धोका असतो. पाळी चुकताच डॉक्टरांना दाखवावे, पोटात कळ आली तर तासभरही थांबू नये.

वाट आहे, पण हमखास नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करताना ती कायमचीच समजावी.