भाकरी आहे की! मग अडतं कुठे?

परभणीत कुणाला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद करायला सांगितला, की पहिलं सांत्वन ठरलेलं असतं : "त्यात काय एवढं, आपल्याकडे भाकरी आहे की!" हे सांत्वन खोटं नाही. हा रब्बी ज्वारीचा मुलूख आहे. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' असे ज्वारीचे वाण दिले आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं, तेव्हा देशभर जिचं कौतुक झालं ती ज्वारी इथे रोजच्या ताटात होतीच. त्यामुळे घरात हे पथ्य पाळणं परभणीकराला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोपं जातं. अडचण सुरू होते ती उंबऱ्याबाहेर : एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात, गंगाखेड किंवा जिंतूर रस्त्यावरच्या धाब्यावर, लग्नाच्या पंगतीत. बाहेर जेवताना पथ्य मोडतं, ते बहुतेक वेळा हौसेनं नाही. चांगल्या माणसांच्या पक्क्या गैरसमजांमुळे मोडतं.

आधी आजाराविषयी थोडक्यात. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतल्या विशिष्ट प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. सिलिॲक आजार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाल्लं तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. या आजारावर आज औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद, हाच उपचार. तो नीट पाळला तर अस्तर पुन्हा भरून येतं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, वरई, राजगिरा यांत हे ग्लुटेन नसतं.

"एक घास खाल्ल्यानं काय होतंय?"

मला विचाराल तर सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करतं, आणि ते नेहमी प्रेमानं म्हटलं जातं. मधुमेही माणसानं लग्नात अर्धी जिलेबी खाल्ली तर दुसऱ्या दिवशी सावरता येतं. तोच हिशेब लोक इथे लावतात. तो इथे लागू पडत नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्यानंही आतड्याच्या अस्तराची हानी दिसली. गव्हाच्या एका ग्रॅम पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमसाठी अर्धा ग्रॅम कणीक पुरते. कणीक मळून झटकलेल्या हातावर सहज राहील, इतकीच ती असते.

"खाल्लं, पण पोट दुखलं नाही, म्हणजे पचलं" हाही याच्याच जोडीचा समज. काही जणांना लगेच उलटी-जुलाब होतात, काहींना काहीच जाणवत नाही. आतली झीज मात्र दोघांचीही होते. पोट गप्प राहिलं याचा अर्थ पदार्थ चालला असा होत नाही.

"भाकरीत कुठं गहू असतोय?"

भाकरीत नसतो, पण भाकरीच्या आजूबाजूला असतो. धाब्याच्या भटारखान्यात एकदा डोकावून पाहा. एका बाजूला भाकऱ्या थापल्या जातात, हातभर अंतरावर पोळ्या लाटल्या जातात. परात एकच. कणकेचा गोळा काढून झाला की ती ओल्या फडक्यानं पुसली जाते आणि तिच्यातच ज्वारीचं पीठ पडतं. पोळीला लावायच्या पिठीत बुडालेले हात भाकरीला पाणी फिरवतात. तवाही तोच, त्यावर पोळीची करपलेली पिठी असते, तीच भाकरीच्या बुडाला लागते. काही ठिकाणी भाकरी चिरू नये, लवकर उरकावी म्हणून ज्वारीत मूठभर कणीक मिसळतात आणि त्यात फसवणूक केली असं कुणाला वाटतही नाही. शिवाय पीठ येतं चक्कीवरून, आणि त्या चक्कीवर आधीचं दळण गव्हाचं असेल तर जात्याच्या पाळ्यांत राहिलेलं गव्हाचं पीठ पुढच्या ज्वारीत उतरतं.

ही शंका आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेत २०१० साली मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ७ नमुन्यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ग्लुटेन निघालं. ही मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. भारतात 'ग्लुटेन-फ्री' असं पाकिटावर छापायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचीही हीच अट आहे.

म्हणून माझं सरळ मत : सिलिॲक असलेल्या माणसानं अनोळखी धाब्याची भाकरी खाऊ नये. भाकरी घरची न्यावी आणि कालवण हॉटेलचं मागावं. ज्वारीची भाकरी कडक करून नेली तर दिवसभर टिकते. पूर्वी शेतात आणि प्रवासात ती अशीच बांधून नेत असत. आजही परभणीतला हॉटेलवाला डबा उघडला म्हणून कुणाला उठवत नाही. कारण सांगितलं तर वर कांदा-लिंबू आणून ठेवतो.

"हा आपल्या गावाकडचा पदार्थ, यात मैदा-बिदा नसतो"

गावाकडचा म्हणजे बिनगव्हाचा, हा समज मराठवाड्याच्या ताटापुढे टिकत नाही. धपाटे ज्वारीचे म्हणून मागवले जातात, पण ते नीट थापले जावेत म्हणून पिठात बेसनाबरोबर बहुधा कणीकही असते. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू पडतो. मेतकुटात गहू असतो. येसर आमटीचं येसर धान्यं आणि डाळी भाजून दळलेलं असतं, त्यात बऱ्याच घरी गहूही असतो. प्रमाण घरागणिक वेगळं, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नये. वरणफळं म्हणजे वरणात शिजलेली कणीकच. सातूचं पीठ जवाचं असो की गहू-डाळ्याचं, दोन्हीकडून वर्ज्य.

सगळ्यांत फसवी कुरडई. ती पांढरीशुभ्र, तळली की तांदळाच्या पापडासारखी फुलते आणि ताटात न मागता येते. ती गव्हाच्या चिकाची असते. आणि त्याच कढईत तळलेला उडदाचा पापडही मग चालत नाही. तेल कडकडीत तापलं की सगळं जळून जातं, असं लोक म्हणतात. ग्लुटेन हा काही जंतू नाही. समोसा, कचोरी, पुरी ज्या तेलातून निघाली त्यात तळलेली कांदाभजी निव्वळ बेसनाची असली तरी या रुग्णासाठी ती गव्हाच्या संगतीतलीच.

खपली गव्हाबद्दलही बोलायला हवं, कारण हल्ली तो 'जुना, देशी, पचायला हलका' म्हणून आग्रहानं दिला जातो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. निरोगी माणसानं तो आवडीनं खावा. सिलिॲकच्या रुग्णाला देऊ नये.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे इथल्या खाण्यात दुसरीही एक परंपरा मुरलेली आहे. रमजानमध्ये मिळणारं हलीम अनेकांना नुसतं मटण वाटतं. त्यात मटणाइतकाच महत्त्वाचा असतो तो शिजून एकजीव झालेला गहू. निहारीचा रस्सा कणीक लावून दाट करतात. बिर्याणीत तांदूळ आणि मांस, तेव्हा ती त्यातल्या त्यात बरी. पण हंडीच्या झाकणाला दम देण्यासाठी कणकेची कड लावली असेल तर कडेचा भात घेऊ नये, आणि वर पेरलेला कुरकुरीत कांदा मैदा भुरभुरून तळला आहे का ते विचारावं. चायनीजच्या गाडीवरचा फ्राईड राईस तांदळाचा असला तरी त्यातला सोया सॉस बहुधा गहू घालून केलेला असतो. मिसळीच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात; पाव बाजूला सारून भागत नाही.

"वरण-भातात काय असणार?"

हिंग असतो. बाजारात डबीत मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकाबरोबर पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो, डबीवरची घटकांची यादी वाचली की कळतं. पातेलंभर वरणात चिमूटभर हिंग म्हणजे ग्लुटेन अगदी थोडं, हे खरं. पण रोज बाहेर जेवणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा फिरतीवरच्या माणसाला ते थोडंही रोज मिळतं. फोडणीत हिंग न घालता वरण द्यायला हॉटेलवाल्याला दोन मिनिटं लागतात. पांढरा भात मात्र वेगळ्या पातेल्यात शिजतो, तो आणि दही हे बाहेरच्या जेवणातलं सगळ्यांत निर्धोक अन्न.

उपवासाच्या पदार्थांची या पथ्याला मोठी मदत होते, आणि ही गोष्ट पुरेशी कुणी सांगत नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी यांत गहू तर नसतोच, उपवासाला हिंगही चालत नाही. जिथे उपवास कडक पाळणारी गिऱ्हाइकं येतात तिथे भांडी आणि तळणाचं तेलही वेगळं ठेवतात. एकादशीला, चतुर्थीला सिलिॲकचा रुग्ण इतर दिवसांपेक्षा निर्धास्त जेवू शकतो. साबुदाणावडा मात्र तेल विचारूनच घ्यावा. थंडीतला हुरडाही असाच हक्काचा : कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, दही. फक्त त्याच आगटीत गव्हाच्या ओंब्या भाजल्या जात असतील तर आपली कणसं आधी भाजून घ्यावीत.

"मेनूकार्डवर ग्लुटेन-फ्री लिहिलंय की!"

मोठ्या शहरात गेलं की हा दिलासा मिळतो. अमेरिकेत खिशात मावणाऱ्या यंत्रानं ग्राहकांनी स्वतः केलेल्या ५,६२४ चाचण्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हॉटेलांनी 'ग्लुटेन-फ्री' म्हणून दिलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्के चाचण्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झ्यात तर निम्म्याहून जास्त वेळा. आपल्याकडे पाकीटबंद मालावर गहू, जव यांचा उल्लेख करणं कायद्यानं बंधनकारक आहे. हॉटेलांपैकी ही सक्ती आहे ती मुख्यतः १० किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना; आपल्या नेहमीच्या खानावळीला नाही. तेव्हा कार्डावर विसंबण्यापेक्षा माणसाला विचारणं बरं, आणि विचारायचंही नेमकं. "ग्लुटेन आहे का?" या प्रश्नाला वेटर सवयीनं "नाही" म्हणतो. "यात गहू, मैदा, रवा आहे का? रस्सा दाट करायला काय लावता? पुरी याच तेलात तळता का? ऑम्लेटचा तवा धुऊन घ्याल का?" असं विचारलं की तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. गर्दीच्या आधी, बारा-साडेबाराला गेलात तर आचाऱ्यालाही ऐकायला सवड असते.

"हा उत्तरेकडच्या लोकांचा आजार आहे"

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात सिलिॲककडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं उत्तरेत सुमारे १.२ टक्के आणि दक्षिणेत सुमारे ०.१ टक्के लोकांच्या रक्तात आढळली, म्हणजे फरक मोठा आहे. पण या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात सापडली. मराठवाड्यात एकेकाळी पोळी सणासुदीला होई. आता ती रोज आहे, रेशनचा गहू घरोघर आहे. वर्षानुवर्षं न हटणारा रक्तक्षय, मुलाची खुंटलेली उंची, पुन्हा पुन्हा येणारं तोंड यांमागे सिलिॲक असू शकतो, आणि तो मोठ्या वयातही निघतो. संशय असेल तर टीटीजी नावाची रक्तचाचणी करतात, गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. चाचणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर चाचणी खोटी 'निर्दोष' येऊ शकते. वजन उतरावं म्हणून गहू सोडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ग्लुटेन नसलेल्या बिस्किटांतही साखर आणि तूप भरपूर असतं.

परभणीच्या, सेलूच्या, मानवतच्या, पाथरीच्या हॉटेलचालकांना एक विनंती. उपवासाचं वेगळं कसं ठेवायचं हे तुमच्या आचाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तशीच एक परात, एक तवा आणि एक लहान कढई फक्त ज्वारीसाठी आणि बिनगव्हाच्या तळणासाठी बाजूला काढा, ज्वारीचं पीठ वेगळ्या घरघंटीवर दळून आणा आणि 'गव्हाचा हात न लागलेली भाकरी मिळेल' अशी पाटी लावा. मात्र ती पाटी खरी ठेवा, कारण ती वाचून जेवायला बसणाऱ्याची तब्येत त्या भाकरीवर अवलंबून असेल.